नागपूरचा एक दिवस आणि काकांचे तळपाय

"जयभीम डॉक्टर," म्हणत काका आत आले आणि मी काही विचारण्यापूर्वीच चपला काढून दोन्ही पाय समोरच्या स्टुलावर ठेवून बसले. ही सवय त्यांना लागली त्याला आता दोन वर्षे होतील. ती कशी लागली हे सांगायचे तर आधी माझी एक चूक सांगावी लागेल.

काकांचे वय 73. उमेदीची सगळी वर्षे यंत्रमागावर गेली. मधुमेह 16 वर्षांपासूनचा. दोन उन्हाळ्यांपूर्वी ते एका यात्रा मंडळींबरोबर लांबच्या सहलीला निघाले होते. निघण्यापूर्वी तपासणीला आले तेव्हा मी रक्तदाब पाहिला, साखरेचा अहवाल पाहिला, छातीचा आलेख काढला आणि 'खुशाल जा' म्हणालो. पायांत चपला होत्या, त्या काही काढायला सांगितल्या नाहीत. वैशाखातली दुपार, एका धर्मस्थळाचे फरसबंद अंगण. परतताना वेळ जाऊ नये म्हणून सर्वांनी पादत्राणे गाडीतच ठेवलेली. बाकीची मंडळी उड्या मारत सावली गाठत होती आणि काका त्यांना हसत सावकाश चालत होते. त्यांना काहीच जाणवले नाही. रात्री मुक्कामी काकूंना चादरीवर पाणीदार डाग दिसला, तेव्हा दोन्ही तळव्यांना फोड येऊन फुटले असल्याचे लक्षात आले.

पुढे तीन महिने मलमपट्टी चालली. उजव्या अंगठ्याखालची जखम चिघळली, आठ दिवस रुग्णालयात राहावे लागले, अंगठा थोडक्यात वाचला. काकूंनी त्या तीन महिन्यांत घराचा उंबरा क्वचितच ओलांडला असेल. मुलाने मात्र एक निर्णय पक्का केला. बाबांचा प्रवास बंद.

असे का होते, हे थोडे समजून घेऊ. मधुमेह बरीच वर्षे राहिला की सर्वांत लांबच्या नसा आधी दुबळ्या होतात. शरीरातल्या सर्वांत लांब नसा पायांच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून सुरुवात तिथून. गंमत अशी की याच रुग्णांना रात्री तळपायांची आग होते, मुंग्या येतात. 'आग होते म्हणजे जाणीव शाबूत आहे' असे त्यांना आणि घरच्यांना वाटते. ते खरे नाही. दुखावलेली नस विनाकारण ओरडते आणि खरा चटका बसला की गप्प राहते. उन्हातली फरशी हवेपेक्षा पुष्कळच अधिक तापते; 60 अंशांच्या आसपास तापलेला पृष्ठभाग काही सेकंदांतच कातडी भाजू शकतो. आपल्याला त्याआधीच पाय उचलावासा वाटतो. काकांना तसे वाटत नाही.

ही जाणीव घरच्या घरी तपासता येते, त्याला कोणतेही यंत्र लागत नाही. रुग्णाला आडवे करावे, डोळे मिटायला सांगावे. मग आपल्या तर्जनीचे टोक त्यांच्या पायाच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला, असे दोन्ही पायांना मिळून सहा ठिकाणी, अगदी हलके, एक-दोन सेकंद टेकवावे. दाबायचे नाही, टोचायचे नाही, घासायचे नाही. स्पर्श कळला की त्यांनी 'डावा' किंवा 'उजवा' म्हणायचे. सहांपैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळले नाही तर जाणीव कमी झाली आहे असे समजून डॉक्टरांना पाय दाखवावेत. काकांच्या सुनेने ही तपासणी माझ्यासमोर केली तेव्हा काका केवळ एकदा 'डावा' म्हणाले. बाकी पाच वेळा ते शांतपणे, डोळे मिटून, स्पर्शाची वाट पाहत पडून होते. सूनबाईंचा चेहरा मला अजून आठवतो.

असे असताना गेल्या दिवाळीनंतर काका आले आणि म्हणाले, "डॉक्टर, नागपूरला जायचंय. दीक्षाभूमीला." मागे मुलगा उभा होता, तो काकांच्या डोक्यावरून मला नकाराची खूण करत होता. काका पुढे म्हणाले, "छप्पन साली वडलांच्या खांद्यावर बसून गेलतो म्हणं मी. चार वर्षांचा होतो. आठवत काहीच नाही. म्हणून जायचंय."

ज्येष्ठांच्या प्रवासाबाबत आमच्यासारख्यांना 'नको' म्हणणे फार सोपे असते. नकाराने कोणाचा पाय भाजत नाही, कोणी डॉक्टरला दोष देत नाही. पण त्या दिवशी मला नकार देववला नाही, आणि त्याला एक कारण काकांच्या रोगाशीच जोडलेले आहे.

14 ऑक्टोबर 1956 रोजी, विजयादशमीच्या दिवशी, नागपुरात व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मैदानावर कुशीनगरचे वयोवृद्ध भिक्खू चंद्रमणी महास्थविर यांच्याकडून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मग लाखोंच्या जनसमुदायाला दिली. त्या वेळी ते 65 वर्षांचे होते आणि बरीच वर्षे मधुमेहाने ग्रासलेले होते. पायांतील नसांचे दुखणे, मंदावलेली दृष्टी, चालताना काठीचा आणि माणसांचा आधार, हे सारे त्यांच्या अखेरच्या वर्षांच्या हकिकतींतून वाचायला मिळते. त्यांच्या पत्नी माईसाहेब स्वतः वैद्यकीय पदवीधर. पथ्य, औषधे, इन्सुलिन यांची व्यवस्था त्यांच्याकडे असे. 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात' या त्यांच्या आत्मकथनाकडे मी एका शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीची नोंद म्हणूनही पाहतो. अशा प्रकृतीनिशी बाबासाहेब 11 ऑक्टोबरला नागपुरात आले, 14 तारखेचा सोहळा झाला, 15 ला दीर्घ भाषण केले, 16 ला चंद्रपुरात पुन्हा दीक्षा सोहळा. नोव्हेंबरात काठमांडूची जागतिक बौद्ध परिषद. 6 डिसेंबरला ते गेले. दीक्षेनंतर अवघ्या 53 दिवसांनी. त्या मैदानावर जाऊ पाहणाऱ्या मधुमेही माणसाला मधुमेहाचेच कारण सांगून थांबवणे मला जमेना.

अट मात्र घातली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीत नाही, आणि उन्हाळ्यात तर नाहीच. काका थोडे रुसले, कारण त्यांना दसऱ्यालाच जायचे होते. अखेर जानेवारीवर तडजोड झाली.

सोलापूर ते नागपूर हा रस्ता तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा असा. बसने जवळजवळ एक रात्र. बहुतेक सहलींत पहाटे उतरवतात आणि आठ वाजता लगेच गाडीत बसवतात. हे ज्येष्ठांना झेपत नाही. रात्रभर पाय लोंबकळत ठेवल्याने घोटे सुजलेले, झोप अपुरी, शौच नीट झालेले नाही, सकाळची गोळी सामानाच्या तळाशी. म्हणून उतरल्यावर एक पूर्ण दिवस विश्रांती आणि दुसऱ्या दिवशी दर्शन, असे ठरवले. बसमध्ये तासातासाला घोटे वर-खाली हलवायचे, गाडी थांबेल तिथे उतरून दहा पावले चालायचे. काकूंना वेगळे बजावले. लघवीला जावे लागेल म्हणून आपल्याकडच्या बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत आणि कित्येक जण हृदयविकारासाठी दिलेली लघवीची गोळी प्रवासाच्या दिवशी परस्पर बंद करतात. तिसऱ्या दिवशी दम लागून दवाखान्यात येतात. गोळीची वेळ बदलता येते का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. बंद करू नये.

स्थानिक वाटाड्याने छापील कार्यक्रमात पाच ठिकाणे लिहिली होती. सूनबाईंनी त्यांतली तीन ठेवली. हे धैर्याचे काम आहे, कारण पैसे पाचांचे दिलेले असतात.

सकाळी नऊला दीक्षाभूमी. इथला स्तूप बाहेरून सांचीची आठवण करून देतो, पण सांचीचा भरीव आहे आणि हा आतून पोकळ. घुमटाचा व्यास 120 फूट. वास्तुविशारद शिव दान मल यांच्या आराखड्यानुसार बांधलेल्या या स्तूपाचे उद्घाटन 18 डिसेंबर 2001 रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झाले. आवारातल्या बोधिवृक्षाची रोपे भदंत आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतील अनुराधपुराहून आणली होती. आत जाताना काकांनी चपला काढल्या आणि जाड सुती मोजे पायांत ठेवले, पांढरे. पांढरे अशासाठी की रक्त किंवा पाण्याचा डाग लगेच दिसतो. काळ्या मोज्यात संध्याकाळपर्यंत कळत नाही. मोजे चालतील का, हे वाटाड्याकडून आधी विचारून घेतले होते. कोणी हटकले नाही. आतून बाहेर आल्यावर काका बोधिवृक्षाजवळ बराच वेळ बसून राहिले. वाटाडा माहिती सांगत होता, तो थांबल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "लोक कुठपर्यंत बसले होते?" त्याने हात फिरवून सगळीकडे दाखवले.

पुढे शहराबाहेर चिचोलीचे शांतिवन. बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू, कपडे, टंकलेखन यंत्र तिथे जपून ठेवलेले आहे. प्रत्येक वस्तूपाशी काका थांबत होते आणि त्या नादात जेवणाची वेळ टळली. दीडच्या सुमारास ते काकूंवर विनाकारण खेकसले. कपाळावर घाम होता, जानेवारीत. सूनबाईंनी वाद घातला नाही, यंत्र काढले. साखर 62. तीन चमचे साखर पाण्यात घालून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, वर आली, मग जेवण. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांत जेवण लांबले की साखर उतरते, आणि वृद्धांत तिचे पहिले लक्षण चक्कर नसून चिडचिड किंवा असंबद्ध बोलणे असू शकते. 'बाबा थकलेत म्हणून चिडले' असे म्हणून गप्प बसले तर पुढे शुद्ध हरपते. साखरेची पुडी काकूंच्या पिशवीत नव्हे, काकांच्या स्वतःच्या खिशात हवी. गर्दीत माणसे चुकतात. इन्सुलिन असेल तर ते उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नये. ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत आपल्याजवळ ठेवावे.

दुपारी दोन तास झोप. मग ऊन कलल्यावर कामठीचे ड्रॅगन पॅलेस. जपानी मैत्रीतून उभे राहिलेले हे विहार 1999 चे. विस्तीर्ण हिरवळ, आत बसलेली सुबक बुद्धमूर्ती आणि मुख्य म्हणजे शांतता. चालणे इथे जास्त आहे. तोवर फरशी निवलेली होती, तरी मोजे होतेच. कामठी रस्त्यावर नागलोकची चालत्या बुद्धाची उंच मूर्ती आहे. ती मात्र कार्यक्रमातून वगळलेली होती, वेळ उरला नाही.

मुक्कामी आल्यावर घात होतो तो दुसऱ्याच प्रकारे. 'पाय शेकून घ्या' म्हणून प्रेमाने गरम पाण्याची बादली पुढे येते. बधिर पायांना हेच पाणी भाजते. पाय कोमट पाण्यानेच धुवावेत, ते पाणी आधी घरच्या कोणीतरी कोपराने तपासावे, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात आणि तळव्यांवर, टाचांवर, बोटांमध्ये उजेडात नजर फिरवावी. स्वतःला वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा. चप्पल घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा पाहावा. भाजलेच तर 20 मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावे. बर्फ, हळद, दंतमंजनाची पेस्ट, शाई काही लावू नये, फोड फोडू नये. आणि मधुमेही माणसाच्या पायाला फोड आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, सहल पूर्ण होण्याची वाट पाहू नये.

काका परतल्यावर चौथ्या दिवशी दवाखान्यात आले ते वर सांगितलेच. तळवे स्वच्छ होते. फाईल उघडली तर रक्ताच्या अहवालांच्या मध्ये पिंपळाचे एक वाळलेले पान. आवारात खाली पडलेले होते, तोडलेले नाही, असे त्यांनी मला दोनदा सांगितले.

उठता उठता विचारले, "डॉक्टर, बाबासाहेब रंगूनला गेले होते ना?"

"हो, डिसेंबर 1954 मध्ये. तिथल्या बौद्ध परिषदेला."

"तिथल्या पॅगोडात मोजे चालतात का?"

रंगूनच्या श्वेडगॉन पॅगोडात मोजेसुद्धा काढावे लागतात, हे मला ठाऊक होते. ते मी सांगितले.

काकांनी थोडा विचार केला. "बँकॉकला?"

बँकॉकच्या बहुतेक विहारांत केवळ पादत्राणे बाहेर ठेवावी लागतात. तेही सांगितले. मुलाने माझ्याकडे पाहिले ते आता मी इथे लिहीत नाही.