दप्तरातलं गोणपाट

शाळेचा टाइम झाला की आक्काचं पोरगं पोट धरून बसायचं. पाचवीतलं पोरगं. दहा वाजले की तेच पोरगं गल्लीत गोट्या खेळायचं. दाजींनी पट्टा काढला. मीपण बोललो, साला नाटक करतंय. आज हे लिहिताना हात जड होतो.

मी गोदीत हमाली करतो. क्रेनला टांगलेला माल हलायला लागला, दोराचा एक पेड सुटला, की आम्ही मुकादमाची वाट बघत नाही. ओरडतो, बाजूला व्हा. रोज दोर बघणाऱ्या मला घरातल्या पोराचा सुटलेला पेड दिसला नाही.

दिसण्यासारखं होतं की. डबा तसाच परत यायचा. पाण्याची बाटली भरलेली. वहीची मधली पानं फाडलेली. बडबडं पोरगं शाळेचं नाव काढलं की गप्प. रात्री अंथरूण ओलं. आम्ही प्रत्येकाला वेगळं कारण दिलं. भाजी आवडली नसेल, वही मस्तीत फाटली असेल. सगळं एकत्र कुणी धरलंच नाही.

एका रविवारी त्याला भाऊच्या धक्क्यावर लाँची बघायला नेलं. मार्क किती पडले, हे विचारलं नाही. विचारलं, तुझ्या बाजूला कोण बसतं रे? लय वेळ गप्प. मग म्हणाला, "मामा, कोणच नाय." शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायच्या दिवशी बाईंनी वर्गात हाळी दिलेली, सवलतवाले उभे राहा. तेव्हापासून तो फुकट्या. फुकट्याच्या डब्याला कुणी हात लावत नाही. ही व्यवस्था सवलत देते ती अशी, चारचौघांत उभं करून.

बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत बसायला वेगळं गोणपाट होतं. शाळा झाडणारा त्याला शिवत नसे, म्हणून ते रोज घरी न्यावं लागे. शिपाई नसला तर पाणी नाही. पण ते गोणपाट डोळ्यांना दिसत तरी होतं. आजचं दिसत नाही. ते दप्तराच्या तळाशी असतं, आईबापानं हुडकायचं असतं.

तर आयांनो, बापांनो, पोट दुखतं म्हणणाऱ्या पोराला डॉक्टरला दाखवा, अन् मग शाळेत जा. पट्टा खुंटीलाच राहू द्या. गेटात आपले पाय का अडखळतात ते मला ठाऊक आहे. माझा बाप अंगठेबहाद्दर. एकदा शाळेत बोलावला, तर मास्तर म्हणाला, याला कामाला लावा. बाप मान हलवून परत आला. शिवाय खाडा पडतो, हे कुणी धरत नाही. तरी जा. वस्तीतला एखादा सोबत घ्या. पहिल्यांदा भांडू नका. बाईंना विचारा, पोरगं कुठं बसतं, कुणाबरोबर खातं. काही बाया खरंच ऐकतात.

नाही ऐकलं तर कागद. काय झालं, कधी झालं, कोण होतं, तारीख घालून लिहा. हेडमास्तरला द्या आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. बिनशिक्क्याच्या अर्जात भजी बांधतात.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या पोरांचा आहे. त्याचं कलम १७ म्हणतं, मारायचं नाही, मानसिक छळही करायचा नाही. सरकारी, पालिकेच्या अन् अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या बाया. या खुर्च्यांवर आपल्या वस्तीतलं कोण बसलंय ते जाऊन बघा. कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे मुंबईत पालिकेकडे, लेखी तक्रार करता येते आणि तिचा निकाल ३ महिन्यांत द्यावा लागतो. मी मॅट्रिक झालो, पण यातला एक शब्द शाळेनं मला शिकवला नव्हता.

आक्का गेली. दाजीही गेले, खाडा करून. शिक्क्याचा कागद घेऊन आले. बाईंनी पोराची जागा बदलली. फुकट्या अजून एखादा म्हणतो. काल बाटली अर्धी रिकामी आली. आक्का बराच वेळ ती हातात धरून उभी होती, यानं वाटेत तर ओतली नसेल ना.