पेटंटमध्ये न मावणारं कसब

युरोपियन पेटंट कार्यालयाच्या २०२१च्या अहवालानुसार, २०१० ते २०१९ या काळात प्लॅस्टिकचा पुनर्वापर आणि जैवप्लॅस्टिक या क्षेत्रांतली जगातली सुमारे ६० टक्के पेटंटं युरोप आणि अमेरिकेची आहेत. आकडा मोलाचा आहे. पैसा आणि प्रयोगशाळा कुठे राबताहेत, ते त्यातून कळतं. पण पेटंट मिळालेलं यंत्र कारखान्यात बसलंच, असं नाही. आणि सगळं कसब यंत्रांतच असतं, असंही नाही. पुण्यात ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या बायका घरोघरचा कचरा हातांनी वेगळा करतात. पिशवी चुरगाळून, नुसत्या आवाजावरून प्लॅस्टिकचा प्रकार ओळखायचं कचरावेचकांचं कसब कुठल्याच पेटंट-तक्त्यात उतरत नाही. नव्या यंत्रांच्या निविदा काढण्याआधी महापालिकांनी या बायकांना विचारावं, असा आमचा आग्रह आहे.