रमाईच्या नावानं भट्टी बांधू नका



उन्हाला जात नसते म्हणतात. साफ खोटं! ऊन सगळ्यांच्या डोक्यावर सारखं पडतं, पण कुणाच्या घरात शिरायचं ते छत ठरवतं. आणि कुणाच्या डोक्यावर कसलं छत, हे कोण ठरवतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

मी हर्सूलचा. मे महिन्यात इथं पारा चाळिशी ओलांडतो. दुपारी पत्र्याखाली बसवत नाही, रात्री स्लॅबखाली झोपवत नाही. पातळ स्लॅब दिवसभर ऊन पितो नि रात्रभर आमच्या अंगावर ओकतो. खिडकी एकच. समोरच्या भिंतीला भोकच नाही, तर वारा येणार कुठून नि जाणार कुठून? म्हातारी माणसं उंबऱ्यात रात्र काढतात. सकाळी बिगारीवर जायचं ते जायचंच.

हे सायबांना कळत नाही असं समजू नका. चांगलं कळतं. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं 'इको निवास संहिता' काढली. भिंतीतून किती उष्णता आत यावी, छत किती तापावं, उघडणारी खिडकी किती असावी, सगळं आकड्यांत लिहिलं. पण कुणासाठी? ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या इमारतींसाठी! आता रमाई आवास घरकुल बघा. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांची योजना. घर २६९ चौरस फुटांचं. करा हिशोब. अशी २० घरकुलं चिकटून ठेवली तेव्हा कुठं ५०० मीटर भरतात. म्हणजे शास्त्र बंगल्याच्या फाटकाशी थांबलं. पाणवठा गेला, थर्मामीटर आला!

तेलंगणानं २०२३ मध्ये थंड छताचं धोरण आणलं. तिथंही ६०० चौरस यार्ड आणि त्यावरच्या घरांना सक्ती, लहान घरांना मर्जी. इंग्लंडात १५ जून २०२२ पासून नवं घर तापू नये म्हणून बांधकामाचा नियमच लागू आहे. तिथं पारा पहिल्यांदा चाळिशीवर गेला तो त्यानंतर, जुलैत. आम्ही किती उन्हाळे मोजायचे?

महाग पडतं म्हणतील. पाणचक्कीला जाऊन या. हर्सूलकडून नळानं आणलेलं पाणी हौदात साठवलं आणि त्या हौदाच्या खाली दालन बांधलं. ते आजही गार आहे. छत थंड ठेवायची अक्कल या मातीत शतकांची जुनी आहे. आज तर छतावर चुन्याचे पांढरे हात, समोरासमोर दोन खिडक्या आणि खिडकीवर रुंद छज्जा एवढ्यानंही फरक पडतो. याला विलायतेहून काय आणायचंय?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. १९४४ मध्ये कोळसा खाणीतल्या मजुरांसाठी कल्याणनिधी झाला, त्यात घर होतं. घर म्हणजे दान नव्हे, मजुराचा हक्क, ही ती दृष्टी. आणि आम्ही? घरकुलाच्या यादीत नाव आलं की हार घालतो, चाव्यांचा फोटो काढतो. छताकडं कोण बघतं?

म्हणून कार्यकर्त्यांनो, जयंतीच्या डीजेतले चार पैसे काढा, थर्मामीटर घ्या. एप्रिलपासून वस्तीतल्या घराघरात दुपारी नि मध्यरात्री किती तापतं ते वहीत लिहा. ती वही घेऊन समाजकल्याणात जा, महापालिकेत जा. ठणकावून मागा : घरकुलाच्या नकाशातच थंड छत, दोन खिडक्या, छज्जा; त्याचा वेगळा पैसा; आणि ते तपासल्याशिवाय काम पूर्ण झाल्याचा शेरा नको.

रमाईनं आयुष्यभर सोसलं. तिच्या नावाच्या घरात तिच्या लेकरांनी भाजून निघायचं नाही.

जय भीम.