हसणाऱ्यांची मोजदाद

आपल्या समाजात रडण्याला जी प्रतिष्ठा आहे ती हसण्याला नाही. घरात कुणी रडले तर शेजारीपाजारी चौकशीला येतात, चहा होतो, चार दिवस आठवण निघते. मोठ्याने हसणाऱ्याकडे मात्र 'याला काही कामधंदा दिसत नाही' अशा नजरेने पाहतात. दूरचित्रवाणीच्या धन्यांनी हे फार लवकर ओळखले. म्हणून सुनेच्या दुधात काहीतरी कालवणाऱ्या सासूची मालिका हजार भाग सुखाने नांदते, आणि जरा वेगळ्या वळणाची विनोदी मालिका आपल्याला पात्रांची नावे पाठ होईपर्यंत नाहीशी होते.

हे मी वणीत बसून लिहितो आहे, आणि नाहीसे होण्याच्या बाबतीत आम्ही वणीकर तसे अनुभवी. इंग्रजी अमलात आमच्या अख्ख्या जिल्ह्याला वणीचे नाव होते. कचेऱ्या यवतमाळला, पण नाव आमचे! १९०५ साली तेही यवतमाळकडे गेले. तरी गाव राहिले, रंगनाथस्वामींची जत्रा राहिली, लोकनायक बापूजी अण्यांचे जन्मगाव म्हणून मान राहिला. मालिकेचे तसे नसते. तिला ना जत्रा, ना जयंती.

गेल्या काही वर्षांत आमच्या घरची एक लाडकी मालिका अशीच गेली. वाहिनीचे नाव घेत नाही. उगाच कुणाचे वाईट कशाला चिंता? ती आठवड्यातून दोनदा रात्री साडेनऊला लागे. भांडी आवरून, अंथरुणे घालून घरदार जमायचे. आमच्या मातोश्रींना त्यातले अर्धे विनोद कळत नसत, पण नातू हसला की त्याही हसत. थोरले चिरंजीव नोकरीनिमित्त पुण्याला. ते तिकडे पाहत, आम्ही इकडे, आणि दहा वाजता फोन यायचा, "आई, आज तो मामा काय बोलला ऐकलंस?" पुढे एके दिवशी मालिका सांगितल्या-सवरल्याशिवाय आपला वार बदलून बसली. मग साडेनऊची अकराला गेली. अकराला आमच्या घरी भिंतीवरचे घड्याळ तेवढे जागे असते. महिनाभरात मालिका बंद झाली. कारण काय, तर म्हणे प्रेक्षकांचा प्रतिसाद घटला! पाहुण्याला बाहेर ओट्यावर झोपवायचे आणि सकाळी म्हणायचे, 'हे काही घरात मिसळले नाहीत बुवा!'

आता चिरंजीवांचा फोन येतो तेव्हा "जेवलास का?" "जेवलो" एवढ्यावर संभाषण संपते. सौ. फोन ठेवते आणि उगाच टेबल पुसत बसते. या नुकसानीची नोंद कोणत्या तक्त्यात होते, ते मला कुणीतरी सांगावे.

प्रतिसाद मोजतात तरी कसा? आमच्या शेजारचे निवृत्त गणितमास्तर अशा कामात तरबेज. 'बार्क' नावाची संस्था २०१५ सालापासून ही मोजणी करते. निवडक घरांतल्या संचांना पेट्या जोडतात आणि कोण, किती वेळ, काय पाहतो हे टिपतात. २०२० च्या सुमारास देशात अशा ४४ हजार पेट्या होत्या आणि दूरचित्रवाणी असलेली घरे होती सुमारे २१ कोटी. मास्तरांनी चष्मा पुसून भागाकार मांडला: पावणेपाच हजार घरांमागे एक पेटी! २०११ च्या जनगणनेत वणीची वस्ती ५८ हजारांवर होती. म्हणजे बारा-तेरा हजार बिऱ्हाडे धरली, तर सरासरीने आमच्या वाट्याला अडीच पेट्या आल्या. तीही सरासरी, प्रत्यक्षात एकही नसेल. कागद घडी करीत मास्तर म्हणाले, "आपल्याले कोण इचारते बाप्पा! आपण हसलो काय अन् नाही हसलो काय!" खेड्यापाड्यांची मोजणी तर २०१५ च्या आधी होतच नव्हती.

मोजणाऱ्यांवर अन्याय नको. शितावरून भाताची परीक्षा होते, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते. थोड्या घरांवरून देशाचा अंदाज बांधणे शास्त्राला धरूनच आहे. पण शितावरून भात शिजला की नाही एवढेच कळते. पंगतीत कोण पोटभर हसले ते कळत नाही. समोर बसून पेंगणारे गृहस्थ आणि हसून हसून डोळे पुसणारी म्हातारी, पेटीच्या लेखी दोघेही एकेक प्रेक्षक. जाहिरातदार डोकी मोजतो आणि त्यावर पैसे देतो. तोही त्याच्या जागी बरोबरच. चुकते ते एवढेच, की सगळी पिके एकाच दिवशी मोजतात.

आमच्या भागात कपाशीत तुरीचे तास टाकतात. कपाशी दिवाळीच्या सुमारास फुटू लागते, वेचणीला बाया येतात, घरात पैसा येतो. तूर मात्र हिरवीगार उभी असते. तिचे दाणे हाती यायला पौष उजाडतो. दिवाळीला तुरीचे उत्पन्न शून्य म्हणून तिला उपटून टाकणारा शेतकरी मी अद्याप पाहिलेला नाही. निराळा विनोद हा तुरीच्या जातीचा. पहिल्या आठवड्यात माणसे नुसती बघतात, दुसऱ्यात 'हे काय चाललंय' म्हणतात, आणि कुठे दोन महिन्यांनी घरात त्या मालिकेची भाषा बोलली जाऊ लागते.

'साराभाई वर्सेस साराभाई'चेच पाहा. २००४ साली 'स्टार वन' या नव्या वाहिनीवर ती सुरू झाली. सासू-सुनेच्या रडारडीचीच तिने टर उडवली होती. तक्त्यात काही ती वर चढली नाही. सत्तरएक भागांनी २००६ साली आटोपली. मग पुनःप्रक्षेपणातून आणि इंटरनेटवरून नवी पिढी तिच्यावर अशी लुब्ध झाली, की २०१७ साली 'हॉटस्टार'ला तिचे नवे भाग काढावे लागले. आणखी गंमत पुढेच आहे. त्यात मोनिषा झालेल्या रूपाली गांगुली २०२० पासून 'अनुपमा' होऊन डोळ्यांत पाणी आणू लागल्या, आणि ती मालिका कितीतरी आठवडे तक्त्यात पहिली! अभिनेत्री तीच. हसवले तेव्हा पेट्या गप्प. रडू लागताच पेट्यांना कंठ फुटला.

हे फक्त आपल्याकडेच होते असे मानून खंत करू नये. अमेरिकेत 'फॉक्स' वाहिनीने 'फॅमिली गाय' ही मोठ्या माणसांसाठीची व्यंगचित्र-मालिका २००२ साली बंद केली. पण दुसऱ्या वाहिनीवरचे तिचे जुने भाग लोकांनी इतके पाहिले आणि तबकड्या इतक्या विकत घेतल्या, की २००५ साली 'फॉक्स'ला ती परत आणावी लागली. 'फ्युचरामा' या दुसऱ्या मालिकेला तर रविवारी संध्याकाळची अशी वेळ दिली होती, की फुटबॉलचा सामना लांबला की तिचा भाग बुडे. २००३ साली तिचे प्रक्षेपण थांबले; २०१० साली ती दुसऱ्या वाहिनीवर उभी राहिली, २०१३ साली पुन्हा संपली, २०२३ साली पुन्हा आली. चित्रातल्या माणसांचे एक बरे असते. ती म्हातारी होत नाहीत, वाट पाहू शकतात.

हाडामांसाच्या नटांना ती सोय नाही. 'झी मराठी'वर २०१५ साली 'दिल दोस्ती दुनियादारी' आली. मुंबईत एका घरात राहणारी सहा तरुण मुले, घराचे नाव 'माजघर'. ना सासू, ना कटकारस्थान. ती पुढच्याच वर्षी संपली. २०१७ साली तेच नट नवी पात्रे घेऊन 'दिल दोस्ती दोबारा'त आले. तिचा खेळ तर त्याच वर्षात आटोपला. माजघर मोडल्यावर माणसे तीच आणली म्हणून बिऱ्हाड तेच होत नाही.

आणि बंद होण्याहूनही वाईट असते ते पुसले जाणे. १९७७ साली मुंबई दूरदर्शनवर 'चिमणराव गुंड्याभाऊ' आली. चिं. वि. जोशांचा चिमणराव दिलीप प्रभावळकरांनी केला, गुंड्याभाऊ बाळ कर्व्यांनी. मुंबई केंद्राचे चित्र त्या काळी वणीपर्यंत पोचत नव्हते. पुढे आमच्या घरांवर अँटेना उभ्या राहिल्या तोवर चिमणराव उठून गेला होता. आज त्या मालिकेचे मोजकेच भाग पाहायला मिळतात. त्या जमान्यात फिती महाग, म्हणून जुने पुसून त्यावर नवे घेण्याची पद्धत असे. लंडनच्या बीबीसीनेही पीटर कुक आणि डडली मूर या विनोदवीरांचे कितीतरी भाग असेच पुसले. मुंबई-पुण्याच्या मंडळींनी चिमणराव एकदा तरी पाहिला. आमच्या वाट्याला पहिली पंगतही नाही आणि मागून उरलेलेही नाही. लहान गावाला सगळे उशिरा पोचते, म्हणून सांगतो, ते जपून ठेवलेले असले तरच पोचते.

तेव्हा वाहिन्यांच्या मंडळींना या दिवाळीला एवढेच मागणे आहे. निराळ्या मालिकेला एक हंगाम पुरा द्या. तिची वेळ हलवायची तर आधी सांगा. ती बंद केलीत तरी तिची चित्रे नीट जपा. आमची नातवंडे केव्हातरी मागतील. आणि वाचकहो, एखादी मालिका आवडली तर ती चालू असतानाच वाहिनीला दोन ओळी लिहा. बंद झाल्यावर हळहळण्यात आपण सगळेच पटाईत आहोत.

आमच्या गल्लीत पेटी नाही. हसणारी माणसे मात्र बक्कळ आहेत. कुणाला मोजायला यायचे असेल त्याने खुशाल यावे, फराळ तयार आहे. फक्त साडेनऊला यावे, अकराला दार वाजवू नये.