आमच्या पश्चात कोण?

तीव्र मानसिक आजार, म्हणजे छिन्नमनस्कता अर्थात स्किझोफ्रेनिया किंवा उन्माद आणि नैराश्य यांचे झोके देणारा द्विध्रुवीय विकार, बहुधा ऐन तारुण्यात डोके वर काढतात. त्यामुळे मुलाने किंवा मुलीने स्वतःच्या पायावर उभे राहावे अशा वयात आई-वडिलांचे पालकत्व नव्याने सुरू होते आणि ते बहुतेकदा त्यांच्या मृत्यूनेच संपते. देशातील मानसिक आरोग्यव्यवस्थेचा खरा भार हेच पालक वाहत आहेत. म्हणून त्यांना आधार देणे हा दयेचा नव्हे, तर शासनाच्या कर्तव्याचा विषय आहे.

या पालकांवर पूर्वी शास्त्रानेही अन्याय केला. आईच्या वागण्यातून छिन्नमनस्कता उद्भवते, हा 1948 च्या सुमारास मांडला गेलेला सिद्धान्त पुढे टाकाऊ ठरला, तरी ‘घरात काहीतरी चुकले असेल’ ही कुजबुज आजही थांबलेली नाही. याउलट अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी 1950 च्या दशकात रुग्णांसोबत नातेवाइकांनाही तंबूंत राहू देऊन त्यांना उपचारातील भागीदार मानले. आजार समजावून सांगणे, औषधांचे महत्त्व पटवणे आणि घरातील ताण कसा हाताळावा हे शिकवणे, म्हणजेच कुटुंब-शिक्षण, यामुळे आजार उलटण्याचे प्रमाण घटते, हे त्यानंतरच्या संशोधनाने दाखवून दिले आहे. महाराष्ट्रात हे काम प्रामुख्याने स्वयंसेवी प्रयत्नांतून उभे राहिले असून, पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्थापन केलेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था त्याचे ठळक उदाहरण आहे.

कायदा मात्र याहून पुढे गेलेला आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 च्या कलम 18 मध्ये रुग्णाच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवा, घरपोच पुनर्वसन आणि रुग्णालय व घर यांच्यामधला टप्पा ठरणारी संक्रमण निवासगृहे यांची तरतूद करण्याचे दायित्व शासनावर टाकलेले आहे. परंतु हे दायित्व कागदावरून जिल्ह्यापर्यंत पोहोचलेले नसल्याने, आजाराची जाणीवच नसलेल्या आणि औषध नाकारणाऱ्या प्रौढ अपत्याला सांभाळताना आई-वडील एकाकी पडतात. प्रौढ रुग्णाची संमती हा त्याचा हक्क आहे आणि पूर्वीप्रमाणे सक्तीने डांबून ठेवण्याकडे परत जाणे कोणालाही मान्य होणार नाही. तथापि संमतीविना दाखल करण्याची मुभा ज्या टोकाच्या अवस्थेत मिळते, ती अवस्था येण्याआधीच घरी जाऊन रुग्णाशी संवाद साधणारे पथक उपलब्ध असेल, तर रुग्णाचा हक्क आणि पालकांची सुरक्षितता यांत निवड करण्याची वेळच सहसा येणार नाही.

सर्वांत जिव्हारी लागणारा प्रश्न ‘आमच्या पश्चात कोण?’ हा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने स्थानिक स्तर समितीमार्फत कायदेशीर पालक नेमण्याची सोय केली, पण मानसिक आजार त्या यादीत नाही. त्यामुळे वृद्ध पालकांनी घर, ठेवी व पैसे यांची व्यवस्था करूनही ती संपत्ती रुग्णाच्या हिताकरिता कोण वापरणार, याची खात्री त्यांना मिळत नाही, आणि भार नकळत अविवाहित बहिणीवर किंवा अनिच्छुक भावावर येऊन पडतो.

म्हणून राज्य शासनाने प्रत्येक जिल्हा रुग्णालयात पालकांचा नियमित आधारगट व कुटुंब-शिक्षणाची सोय करावी, पालकांना काही दिवस विसावा मिळेल अशी अल्पकालीन निवासव्यवस्था निर्माण करावी, आणि देखरेखीखालील कायम निवासगृहांसाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद ठेवावी. तर केंद्राने रुग्णाच्या इच्छेला मान देणारी, साध्या प्रक्रियेची पालकत्व आणि न्यासव्यवस्था तीव्र मानसिक आजारालाही लागू करावी. पालक हयात असताना, रुग्णाची नव्या घराशी व माणसांशी ओळख होण्यास अवधी असताना ही व्यवस्था झाली तरच ती उपयोगी पडेल. पालकांच्या मृत्यूनंतर धावपळीने शोधलेला निवारा हा त्या रुग्णासाठी दुसरा आघात असतो, आणि तो टाळणे शासनाच्या हाती आहे.