ड्रायव्हर हरवलेलं कार्ड

"ते कॉम्प्युटर उठनाच गेलंय. येऊन बघतोस का?" परभणीहून काकांचा फोन. झालं, वीकएंडचे सगळे बेत रद्द आणि शुक्रवारी रात्रीची ट्रॅव्हल्स.

काकांचं एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. बियाणं सुकवायचे ड्रायर बनवतात. गिऱ्हाइकाला देण्याआधी प्रत्येक ड्रायरमध्ये आठ ठिकाणी थर्मोकपल लावून तापमान तपासतात. ती तापमानं वाचतं एका पेंटियम थ्रीमधलं डेटा ॲक्विझिशन कार्ड. ऑपरेटिंग सिस्टिम? विंडोज ९८. हसू नका. मी हसलो होतो.

"काका, नवीन यूएसबीवालं घ्या ना."

"घेईन की. पण सोयाबीन निघायलंय, सहा ड्रायर उभे आहेत. आज काय करू ते सांग."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हार्ड डिस्क मेली होती. तिच्या जागी ॲडॅप्टर लावून कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवलं आणि त्यावर ९८ टाकलं. इथवर सोपं. पण डेटा कार्ड आयएसए स्लॉटचं, प्लग अँड प्लेच्या आधीचं. विंडोजला ते दिसतच नाही. त्याचा पत्ता जंपरने ठरतो, ३०० हेक्स. नव्या इन्स्टॉलमध्ये विंडोजने नेमका तोच पत्ता नेटवर्क कार्डाला देऊन टाकला! नेटवर्क कार्ड काढूनच ठेवलं. मग ड्रायव्हरची फ्लॉपी शोधली, तर तिला बुरशी. आणि कार्ड बनवणारी कंपनी कधीच बंद झालेली.

वाचवलं ते मॅन्युअलच्या झेरॉक्सने. शेवटच्या दोन पानांवर रजिस्टर मॅप होता. कुठल्या पोर्टवर चॅनेलचा नंबर लिहायचा, आकडा तयार झाला हे कुठला बिट सांगतो, बारा बिटांचं उत्तर कुठल्या दोन बाइटमध्ये येतं, सगळं. विंडोज ९८ मध्ये साधा प्रोग्रॅमही पोर्टला थेट हात घालू शकतो. एनटीच्या घराण्यात, म्हणजे २००० आणि एक्सपीमध्येसुद्धा, ही मुभा नाही, मध्ये कर्नलमधला ड्रायव्हर लागतो. ६४ बिट व्हिस्टापासून तर त्या ड्रायव्हरवर डिजिटल सहीही लागते. म्हणजे ज्या ९८ ला मी हसलो, त्याच्याच कृपेने सीमधल्या शंभरेक ओळींत काम भागलं.

आकडे आले आणि मी खूश. काकांनी मात्र एक थर्मोकपल उकळत्या पाण्यात बुडवलं. स्क्रीनवर ९१. यायला हवं ९९ च्या जरासं खाली (उंचीवर पाणी लवकर उकळतं, दर ३०० मीटरला साधारण १ अंशाचा फरक). चूक माझीच होती. या थर्मोकपलमधून एका अंशाला जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट येतात आणि कार्डाची एक पायरी १.२२ मिलिव्होल्टची, म्हणजे थेट जोडलं तर जवळजवळ ३० अंशांची! म्हणून मध्ये ॲम्प्लिफायर असतो. त्याचा गुणक मी चुकीचा धरला होता.

तसंच सोडलं असतं तर? स्क्रीनवर ४० दिसताना आत ४३ च्या वर. बियाण्याचं सोयाबीन जास्त तापलं की उगवण घसरते. प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. माझ्या एका चुकीच्या आकड्यापायी कुणावर तरी जुलैत दुबार पेरणीची पाळी आली असती.

तर सांगायचा मुद्दा असा. आपण सॉफ्टवेअरवाले "अपग्रेड करा" फार सहज म्हणतो. ९८ चा सपोर्ट २००६ मध्ये संपला, एक्सपीचा २०१४ मध्ये, विंडोज १० चा ऑक्टोबर २०२५ मध्ये. वर्कशॉपमधलं मशीन मात्र वीस-पंचवीस वर्षं चालतं. काकांच्या कार्डाला काहीही झालेलं नव्हतं. हरवला होता तो ड्रायव्हर.

म्हणून माझं म्हणणं, कार्ड विकत घेताना रजिस्टर मॅप हक्काने मागावा. तो देत नसतील तर दुसरं कार्ड बघावं, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. हे काही स्वप्नरंजन नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये 'कॉमेडी' नावाचा ड्रायव्हरांचा संच २००९ पासून आहे. त्यात आयएसएच्या जमान्यातल्या कार्डांचे ड्रायव्हरही आहेत, सोर्ससकट. कंपनी राहो न राहो, कार्ड चालू शकतं.

जुनं ते सोनं म्हणत बसा, असं मात्र मी म्हणत नाही. ९८ नेटवर्कला जोडूच नये, आणि चालत्या डिस्कची इमेज आधी काढून ठेवावी. काकांना यूएसबी कार्ड घ्यावं लागणारच आहे. पण ते सीझन संपल्यावर, आणि काही दिवस दोन्ही कार्डांचे आकडे शेजारी शेजारी ताडून बघून.

असो. रविवारी निघताना काकांनी मॅन्युअलची आणखी एक झेरॉक्स काढून हातात दिली. "ठेव. पुढच्या वेळी फोनवरच सांगशील."