माणूस मंजूर, घर नामंजूर

मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक,
शहीद भगतसिंग मार्ग, मुंबई.

साहेब,

अकोल्याहून मंगरुळपीरकडे निघालं की बार्शीटाकळी लागते. तालुक्याचं गाव. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, अकोला-पूर्णा मार्गावर स्टेशन आहे, कालंका देवीचं हेमाडपंती देऊळ आहे. आणि आता इथल्या माणसाच्या मोबाईलवरही तोच मेसेज येतो, जो मुंबईच्या माणसाला येतो : ‘अभिनंदन! आपलं २५ लाखांचं गृहकर्ज प्री-अप्रूव्हड आहे.’

हे पत्र त्या मेसेजबद्दल आहे. त्याच्या भरवशावर दिल्या जाणाऱ्या इसाराबद्दल जास्त.

आधी तुमच्या बाजूचं बोलतो. घरकर्ज घेणाऱ्याची बाजू रिझर्व्ह बँकेनं गेल्या दहा-पंधरा वर्षांत बरीच सावरली आहे. तरत्या व्याजाचं कर्ज मुदतीआधी फेडल्याबद्दल दंड घ्यायचा नाही, हे २०१२ मध्ये ठरलं. कर्ज फिटल्यावर घराचे मूळ कागद ३० दिवसांत परत करा, नाहीतर दिवसाला ५,००० रुपये मोजा, हा नियम डिसेंबर २०२३ पासून आला. ऑक्टोबर २०२४ पासून करारावर सही घेण्याआधी सगळा खर्च, फी आणि वार्षिक दर एका कागदावर, कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावा लागतो. हाउसिंग फायनान्स कंपन्याही ऑगस्ट २०१९ पासून तुमच्याच नियमनाखाली आल्या. तेव्हा हे गाऱ्हाणं घेऊन दुसरीकडे कुठं जाण्यात अर्थ नाही.

कर्जाचा शेवट बांधला गेला, सहीचा टप्पा बांधला गेला. सहीच्या आधीचे दीड-दोन महिने मात्र मोकळेच राहिले आहेत, आणि वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावात माणूस बुडतो तो त्याच दिवसांत.

कसा, ते सांगतो. माणूस कल्पनेतला आहे, पण इथं कोणालाही विचारा, अनोळखी वाटणार नाही. जिल्हा परिषदेचा एक शिक्षक धरा. पगार त्याच बँकेत जमा होतो, सिबिल चांगलं. त्याला वरचा मेसेज आलेला आहे. गावात २८ लाखांचं एक बांधलेलं घर विकाऊ आहे. मास्तर हिशेब करतात : २५ बँकेचे, ३ आपले. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता लाखाला ८६८ रुपये, म्हणजे २५ लाखांना २१,७०० च्या आसपास. पगारात बसतं. तिकडे दलाल घाई करतो : “मास्तर, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. तुमचं लोन तं मंजूरच आहे नं? मंग इसार देऊन टाका.” मास्तर दोन लाख इसार देतात. पाचशेच्या स्टँपवर पावती होते. तीन महिन्यांत खरेदी, नाही झाली तर इसार बुडाला.

मग अर्ज बँकेत जातो आणि पहिल्यांदाच बँक घराकडे बघते. तोवर तिनं फक्त मास्तरांकडे बघितलेलं असतं.

इंजिनिअर अकोल्याहून येतो, टेप धरतो, फोटो काढतो आणि किंमत लावतो २१ लाख. तिकडे घरमालक म्हणतो, खरेदी २२ लाखांचीच लावू, वरचे सहा नगदी. बँक खरेदीखतातली किंमत आणि मूल्यांकन यांतला कमी आकडा धरते. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ही मर्यादा तुमचीच आहे. २१ चे ९० टक्के म्हणजे १८ लाख ९० हजार. मास्तरांना खिशातून ३ लाख घालायचे होते. ते आता ९ लाख १० हजार झाले. मुद्रांक शुल्क आणि एक टक्का नोंदणी फी वेगळी, कारण घराची किंमत १० लाखांच्या वर असली की हा खर्च त्या हिशेबात धरायचा नाही, असाही तुमचाच नियम आहे. नियम चुकीचे नाहीत. माणसानं ऐपतीबाहेर उडी मारू नये म्हणूनच ते आहेत. पण मास्तरांना ते इसार दिल्यावर कळतात. (नगदीचा भाग तर सरळ बेकायदा आहे. घरजमिनीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घ्यायला २०१५ पासून बंदी आहे. बंदी आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, एवढं लिहून पुढं जातो.)

आणि हे झालं सोपं प्रकरण. खरा खोळंबा बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाकडे होतो. तो ३० वर्षांचा सर्च घेतो. २००२ नंतरचे दस्त ऑनलाइन शोधता येतात; त्याआधीचे दुय्यम निबंधकाच्या दप्तरात पानं उलटून. तिथं एकेक निघायला लागतं. घर ज्या लेआउटमध्ये आहे तो मुळात शेतजमिनीचा. प्लॉट पडले, विकले गेले, घरं उभी राहिली, पण अकृषक आदेशाची प्रत कोणाकडेच नाही. फेरफारात वारस म्हणून दोन बहिणींची नावं लागलेली, पण भावानं केलेल्या खरेदीवर त्यांची सही नाही आणि हक्कसोडही नाही. किंवा मूळ मालकानं सोसायटीचं पीककर्ज उचललेलं आणि सातबाऱ्यावरचा बोजा कमी करायचा राहून गेलेला. पैसे कधीच फिटलेत, नोंद तशीच. कालंका देवीच्या देवळातला बाराव्या शतकातला शिलालेख अजून वाचता येतो. १९९० सालच्या प्लॉटच्या कागदाची नक्कल मात्र जुळत नाही.

वकील दोन ओळी लिहितो आणि फाईल परत येते. मास्तर मंजूर, घर नामंजूर. इसार दोन लाख.

यात बँकेनं खोटं काय सांगितलं? काहीच नाही. मेसेजच्या शेवटी बारीक अक्षरात ‘अटी लागू’ असतं. त्याच्या पुढच्या पायरीला, म्हणजे पगारपत्रक आणि खात्याचा उतारा तपासून मिळणाऱ्या तत्त्वतः मंजुरीच्या पत्रातही ‘मालमत्तेच्या कायदेशीर व तांत्रिक तपासणीच्या अधीन’ असं एक वाक्य असतंच. अडचण अशी की, खात्यातली उलाढाल बघून मशीननं पाठवलेला मेसेज, कागद बघून दिलेली तत्त्वतः मंजुरी आणि घर बघून दिलेली अंतिम मंजुरी, या तिन्हींना बाजारात एकच नाव आहे : ‘लोन झालं’. दलालाला ते सोयीचं आहे, विकणाऱ्यालाही. शाखेतल्या टार्गेटलाही ते गैरसोयीचं नाही.

अमेरिकेतही प्री-क्वालिफिकेशन आणि प्री-अप्रूव्हल या शब्दांचा घोळ आहे. प्रत्येक बँक ते आपापल्या परीनं वापरते. पण तिथं खरेदीदाराला कराराचा आधार असतो. न्यू जर्सीत घर घेणाऱ्या मराठी कुटुंबाला करार झाल्यावर वकिलाकडून तपासून घ्यायला तीन कामकाजी दिवस मिळतात. कर्ज न झाल्यास करार सुटेल, असं कलम घालायची पद्धत आहे. इसाराची रक्कम सहसा तिसऱ्याच्या खात्यात अडकून राहते, विकणाऱ्याच्या हाती लगेच पडत नाही. आपल्याकडे ती संध्याकाळपर्यंत विकणाऱ्याच्या दुसऱ्या प्लॉटचा इसार झालेली असते. मग परत मागायची कोणाकडे आणि कशातून?

रेरा आहे ना, असं कोणी म्हणेल. आहे. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे त्याच कायद्यानं झालं. पण रेरा बिल्डरच्या प्रकल्पाला लागतो, तोही ठरावीक आकारापेक्षा मोठ्या. एकानं राहून वापरलेलं घर दुसऱ्यानं घ्यायचं, तर त्याच्याशी रेराचा संबंध नाही. बार्शीटाकळीत काय, पातूर-मूर्तिजापुरात काय, घरं बहुतेक याच प्रकारानं हात बदलतात.

आणि इथंच मला बँकांचं जास्त खटकतं. मोठ्या शहरात बिल्डरचा प्रकल्प उभा राहत असतानाच बँका त्याचे कागद तपासून तो ‘अप्रूव्हड प्रोजेक्ट’च्या यादीत घालतात. बोर्डावर बँकांची नावं मिरवतात. म्हणजे तिथं घर आधी मंजूर होतं, माणूस मागून. काम तेच, वकील तसेच, कागदही तेच. शंभर फ्लॅटसाठी ते आगाऊ करणं परवडतं आणि एका घरासाठी परवडत नाही, हे मला समजतं. पण त्या एका घराचा खरेदीदार फी भरायला तयार असताना ते करायचंच नाही, हे समजत नाही.

म्हणून मागणी करतो. घरकर्जाचा अर्ज न करताही, ठरावीक फी घेऊन एका घराचा कायदेशीर आणि मूल्यांकनाचा तपास करून द्यायची सोय प्रत्येक बँकेनं आणि गृहवित्त कंपनीनं ठेवावी. इसाराआधी, ठरलेल्या मुदतीत. आज हा तपास अर्जानंतर होतोच आणि त्याची फी खरेदीदारच भरतो. गंमत म्हणजे, पैसे त्याचे, पण रिपोर्ट बहुतेक वेळा त्याला मिळत नाही. तो बँकेच्या फाईलला लागतो. अर्ज फेटाळण्याचं कारण लेखी कळवा, असं तुमच्या न्याय्य व्यवहार संहितेत आहे. ‘कायदेशीर तपासणीत अपात्र’ एवढंच लिहून ते पाळल्यासारखं दाखवता येतं. ज्याला बहिणींची हक्कसोड करून घ्यायची आहे किंवा तलाठ्याकडे बोजा कमी करायला जायचं आहे, त्याला नेमकी कोणती सही नाही आणि कोणती नोंद अडते हे कळायला हवं. रिपोर्टची प्रत द्यायला लावा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, परिपत्रक पुरे.

आणि त्या मेसेजबद्दल. ‘अभिनंदन’ हा शब्द काढायला सांगा, असं म्हणणार होतो, राहू दे. पण मेसेज असो वा तत्त्वतः मंजुरीचं पत्र, काय तपासलं आणि काय तपासलेलं नाही हे मराठीत, मोठ्या अक्षरात लिहायला लावा. ‘आम्ही आपलं उत्पन्न पाहिलं आहे, घर पाहिलेलं नाही. या भरवशावर इसार देऊ नये.’ सहीच्या वेळचा खर्चाचा कागद जसा सक्तीचा केलात, तसाच हाही करता येईल.

बँका म्हणतील, वकिलानं आधी हो म्हटलं आणि पुढं काही निघालं तर जबाबदारी कोणाची? आजही हाच वकील हाच रिपोर्ट देतो आणि त्यावर २० वर्षांचं कर्ज जातं. महिनाभर आधी दिल्यानं त्याची जोखीम वाढत नाही. खरेदीच्या दिवशी मधल्या काळाचा सर्च पुन्हा घ्या, त्याचे वेगळे पैसे घ्या.

हे होत नाही तोवर काय करायचं, ते ज्यांना हे पत्र वाचायला मिळेल त्यांच्यासाठी लिहितो. इसार पावतीत ‘बँकेनं मालमत्तेच्या कारणावरून कर्ज नाकारल्यास इसार पूर्ण परत’ ही ओळ घाला. विकणारा नाही म्हणाला तर त्याला कागद माहीत आहेत असं समजा. इसार चेकनं किंवा खात्यातून द्या आणि कमी द्या. घर आधीच कुठं गहाण आहे का हे २०११ पासून चालू असलेल्या सरसाई नोंदवहीत कोणालाही नाममात्र फी भरून बघता येतं. तालुक्यात हे फार थोड्यांना ठाऊक आहे. चार एजंटांकडून चार बँकांत एकदम अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशी सिबिलमध्ये उमटते. स्वतःचा सिबिल रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो आधी काढून बघा.

एक गोष्ट आकड्यातच सांगायला हवी. बँकेनं घर नाकारलं की मास्तर थांबत नाहीत, इसार वाचवायचा असतो. मग कागदांकडे जरा कानाडोळा करणारी एखादी फायनान्स कंपनी सापडते. दर तेरा टक्के. २० लाखांना साडेआठ टक्क्यांनी हप्ता १७,३५६ पडला असता, तेरानं तो २३,४३२ पडतो. महिन्याला सहा हजारांचा फरक, २० वर्षं. दोन लाखांच्या इसारापायी साडेचौदा लाख. आणि घर तेच, बहिणींच्या सहीशिवायचं. पुढं विकायला काढलं की पुढच्या खरेदीदाराची बँकही तिथंच अडणार.

साहेब, सोयाबीन निघाल्यावर आणि कापूस विकल्यावर इथं लोकांच्या हाती पैसा येतो. घरांचे इसारही दसरा-दिवाळीच्या पुढं-मागं होतात. परिपत्रक काढायचं मनात आलं, तर ते त्याआधी काढावं आणि त्याची मराठी प्रत शाखेतल्या बोर्डावर लागेल असं बघावं, एवढी विनंती.

आपला,
बार्शीटाकळीचा एक खातेदार